चिकूच्या बुंध्यावरची खाच

पंचवटी, नाशिक
१९ मार्च २००४

प्रिय आशा,

पाकीट बघून दचकली असशील. घरात फोन असताना अण्णाला कागद कशाला लागला? अगं, फोनवर मी 'सगळं बरंय' म्हणून मोकळा होतो, म्हणून आज पेन धरलंय. प्रकृती ठणठणीत आहे, दोन भाकरी खातो. पण आपला चिकू मरतोय, आणि मी फार घाबरलोय. हसू नकोस.

घर बांधलं त्या वर्षी तुझ्या आईनं ते रोप एसटीत मांडीवर धरून आणलं होतं. मे महिन्यात आपली तेजू महिनाभर एकटी माझ्याकडे राहायला येणार, तिच्यासाठी त्याच्याच फांदीला झोका बांधायचा म्हणून मी दोरसुद्धा आणून ठेवला. पण संक्रांतीनंतर पानं पिवळी पडू लागली, मग कडांनी करपली, आणि होळीला बघतो तर अंगणात नुसता खच. तीस वर्षं द्राक्षबागांत राबलो मी. दिंडोरीपासून पिंपळगावपर्यंत वेलीचं पान बघून दुखणं सांगायचो, आणि माझ्याच दारातलं झाड मला कळेना!

आधी वाटलं, पाणी जास्त झालं. आळं उकरून पाहिलं, माती छान भुसभुशीत. वाळवी म्हणावी तर खोड ठोकून पाहिलं, कुठे पोकळ आवाज नाही. मग माझी नजर गेली धुण्याभांड्याच्या झुंबरबाईवर. साबणाचं पाणी ती तिथंच ओतते. गल्ली गोळा होईपर्यंत बोललो तिला. "धा वर्सं तिथंच वतते मी पानी, तवा नाय मेलं ते?" म्हणाली, आणि डोळे पुसत निघून गेली. तिचं खरं होतं, पण माझं डोकं तापलं की काय होतं ते तुला नव्यानं सांगायला नको.

परवा सकाळी चहाचा कप घेऊन पायरीवर बसलो होतो. बघतो तर बुंध्याच्या अगदी खाली फुटलेले धुमारे हिरवेगार, चांगले टवटवीत. गुडघ्याच्या वर मात्र सगळं मरायला टेकलेलं. म्हणजे माती ठीक, मूळ ठीक, मधेच कुठंतरी वाट अडलीय. मधे काय होतं, तर खोडाला गुंडाळलेलं गोणपाट. वाळत घालायची दोरी काचू नये म्हणून झुंबरबाईनंच बांधलं असेल, असं मी धरून चाललो होतो. कप खाली ठेवून ते सोडलं. खोडाची साल गोल कड्यासारखी काढलेली, चांगली दोन बोटं रुंद. आतलं लाकूड उघडं पडलेलं.

द्राक्षाचे मणी ज्वारीएवढे झाले की आम्ही वेलीच्या खोडाची साल अशीच गोल काढायचो, आठवतं? पानांत झालेलं अन्न मुळाकडे उतरत नाही, मण्यांत साठतं आणि मणी फुगतात. पण वेलीला गव्हाच्या दाण्याएवढी पट्टी पुरते, महिन्याभरात ती भरूनही येते. दोन बोटं म्हणजे झाडाचा गळाच कापणं. कोण मेला दावा साधून गेला म्हणून मी शिव्या घालत त्या कड्यावरून बोट फिरवलं, आणि उगवतीच्या बाजूला बोट अडलं. तिथं एक बारीकशी तिरकी खाच होती.

आशा, ती खाच माझी आहे. कुठली वेल झाली आणि कुठली राहिली हे कळावं म्हणून प्रत्येक वेलीला उगवतीकडे मी तशी खाच मारायचो. हरसूलचा मंगळू, माझा जोडीदार, चिडवायचा की सावळीरामनं सही ठोकली बघा. दुसरं कुणी तसं करत नाही. घरात जाऊन पेटीतला चाकू काढला. पात्यावर चिकूचा पांढरा चीक वाळून बसलेला.

मला काही आठवत नाही गं. कुठला दिवस, सकाळ की दुपार, काही म्हणजे काही नाही. एवढंच आठवतं की दिवाळीत तेजू म्हणाली होती, आजोबा, तुमचे चिकू गोट्यांएवढे आहेत, आणि मी म्हणालो होतो, पुढच्या खेपेला मोठ्ठे करतो. तेच करायला गेलो असणार. आणि ज्या हातानं तीस वर्षं एक वेल वाया घालवली नाही, त्याला माप तेवढं आठवलं नाही. जानेवारीत एकाच संध्याकाळी तीच बातमी सांगायला मी दोनदा फोन केला, तेव्हा तू हसली होतीस. एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवली. गेल्या महिन्यात भाजी आणायला निघालो आणि भानावर आलो तो पिंपळगावच्या स्टँडवर. पिशवीत चाकू होता, आणि आज कुठल्या बागेत काम आहे, असं मी एका माणसाला विचारत होतो. कंडक्टरनं परतीच्या गाडीत बसवून दिलं.

काल झुंबरबाईच्या घरी जाऊन हात जोडले, सगळं सांगितलं. ती रागावली नाही, रडली. चाकू आता तिच्याकडे आहे. मी मागितला, ओरडलो, तरी द्यायचा नाही असं बजावून आलोय. रोपवाटिकेतला माणूस उद्या येऊन खालचे धुमारे कड्याच्या वर जोडून बघणार आहे. जगलं तर जगलं म्हणतो.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते. तेजूला पाठवू नकोस. दिवाळीपासून मीच तुझ्या मागं लागलो होतो, तू नको म्हणालीस तेव्हा रुसलो होतो, ठाऊक आहे मला. पण त्या झाडावरही माझा जीव होता. तू ये, मला दाखवायला घेऊन जा कुठल्या डॉक्टरकडे. आणि नीट ऐक. चार-आठ दिवसांनी मी फोन करीन, हसत म्हणेन, कसलं पत्र, मी नाही लिहिलं, दे पोरीला पाठवून. गोड बोलीन, रागवीन, तुझ्या आईची शपथसुद्धा घालीन. तेव्हा हे पत्र काढून वाच. खाली सहीशेजारी तिरकी खाच काढलीय, ती बघ. आणि फोनवरच्या अण्णाचं काहीएक ऐकू नकोस.

तुझाच,
अण्णा /