आधी लिटरेचर, मग मंजुळाबाई

२ जुलै
एम.ए.च्या प्रबंधाचा विषय मंजूर: आमच्या चाकणच्या कंपनीतल्या कंत्राटी बायका. पद्धत: पोस्टमॉडर्न एथ्नोग्राफी, म्हणजे लोकांत राहून त्यांचं जगणं टिपायचं. मी क्वालिटी इंजिनिअर. व्याख्या पक्की झाल्याशिवाय मोजायला घेत नाही. आधी लिटरेचर, म्हणजे विषयावर आधी झालेलं संशोधन, मग मुलाखती. असेंब्ली लाइनवरच्या मंजुळाबाई बोलायला तयार आहेत. त्या थांबतील.

९ जुलै
बऱ्याच पीडीएफ उतरवल्या. फोल्डरची नावं सुरेख झाली. वाचन रविवारी.
चहाच्या सुट्टीत मंजुळाबाईंनी गाठलं. सात महिने भरले की ठेकेदार महिनाभर घरी बसवतो. त्याला ब्रेक म्हणतात. त्यांचा पंधरा तारखेपासून. पण लेकीचं, दिपालीचं, बाळंतपण ऑगस्टअखेरीस. म्हणाल्या, ताई, माझा ब्रेक म्हैनाभर फुडं ढकला म्हणावं शेखर सरांना, तुमचं ऐकतेत ते. बघते म्हटलं.

११ जुलै
लाइनचे सुपरवायझर शेखर सर शेजारच्याच टेबलावर बसतात, ब्रेकची यादी तेच ठेकेदाराला देतात. बोलले नाही. मेथडॉलॉजीच्या एका जुन्या पुस्तकात स्पष्ट आहे: संशोधकाने क्षेत्रात ढवळाढवळ करू नये. पुस्तक पोस्टमॉडर्न नाही, पण नियम सोयीचा आहे. ‘सोयीचा’ खोडून: शास्त्रशुद्ध आहे.

१३ जुलै, रविवार
एक लेख अर्धा वाचला. म्हणे तटस्थ संशोधक असा कुणी नसतोच. समोर जे घडतं त्यात त्याचाही हात असतो. लेख ‘नंतर वाचायचे’मध्ये टाकला. उद्या शेखर सरांशी नक्की.

१४ जुलै
ऑडिट. शेखर सरांनी स्वतःच विचारलं, मॅडम, काही म्हणत होता का? म्हटलं, गेज कॅलिब्रेशनला पाठवा.
मंजुळाबाईंनी लाइनवरून हात केला. मी व्हर्निअरचं रीडिंग घेत होते. दोनदा घेतलं.

१६ जुलै
मंजुळाबाईंच्या जागी नवी मुलगी. शेखर सरांना सहज म्हणून विचारलं. म्हणाले, अहो, परवा सांगायचं ना, यादीत नाव वरखाली करायला काय लागतं?
डबा उघडला नाही. ऑडिटचा थकवा असावा.

२० जुलै, रविवार
मंजुळाबाईंचा फोन. रागावल्या नव्हत्या, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आता घरीच हाय, रहाटणीला या, च्या टाकते, काय इचारायचं ते इचारा. म्हटलं, लिटरेचर थोडं बाकी आहे. एवढं काय हुडकताय वो? सांगितलं: समोर घडत असताना माणूस नुसता बघत उभा राहू शकत नाही, असं कुणी लिहिलंय, ते.
मग म्हणाल्या, सापडलं की शेखर सरांना बी दाखवा.
लेख लगेच सापडला. बराच मोठा आहे. पुढच्या रविवारी.