साक्षात्कार झाला म्हणे

प्रिय गीतांजली,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं, राहू दे. तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हे पत्र वर्षालीच्या हातून पाठवतोय. मैत्रिणीवर चिडू नको, ती नाहीच म्हणत होती. मीच तिच्या क्लाससमोर गाडी आडवी लावून उभा राहिलो. आणि हो, पत्र शुद्ध लिहितोय. माझं मले-तुले ऐकून तुझ्या मैत्रिणी हसायच्या. तूही हसायचीस.

फेब्रुवारीतला तुझा मेसेज मला पाठ आहे. "अंकुर, काल मला अचानक साक्षात्कार झाला, आपले रस्ते वेगळे आहेत." पुढे जोडलेले हात. अमरावतीच्या हॉस्टेलच्या गॅलरीत मी तो वाचला आणि खरं सांगतो, आधी हसूच आलं. आमच्या घरी हा शब्द फक्त टोमण्यात येतो. मी न सांगता पाणी भरलं की माय म्हणते, "आज काय साक्षात्कार झाला रे बापा तुले?" गावच्या भजनी मंडळातले खुशालराव मात्र तोच शब्द उच्चारताना कानाला हात लावतात. त्यांच्या मते माणूस आधी वर्षानुवर्षं झुरतो, लोकांच्या शिव्या खातो, उपाशी राहतो, मग कुठे एखाद्याला दर्शन होतं. आणि आपल्या सरांनी वर्गात तिसरंच सांगितलं होतं, की कथेतल्या माणसाला एखाद्या साध्या गोष्टीवरून आपलं आयुष्य एकदम लख्ख दिसतं. तू ते लाल पेनानं उतरवून घेतलंस. मी तुझ्याकडे बघत बसलो होतो, माझी वही कोरी.

तुझा यातला कोणता होता, हे मी तेव्हापासून शोधून राहिलो. झुरणं तर तुझ्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही. मग वाटलं, तुला फक्त सोयीचा शब्द पाहिजे होता. निर्णय घेतला म्हटलं की कधी घेतला, काहून घेतला, असं समोरचा विचारतो. साक्षात्कार म्हणजे सर्दी झाल्यासारखं. झाली, आता कोणाला जाब विचारणार?

तू मेसेज टाकून अकोल्याला गेलीस आणि परीक्षेपुरतीच परत आलीस असं ऐकलं. मी ती परीक्षा दिलीच नाही. सरांशी भांडून कॉलेज सोडलं असं घरी वाटतं, बाबा अजून बोलत नाहीत माझ्याशी. भांडलो हे खरं आहे. पण तो राग सरांवरचा नव्हता. तू नसलेल्या वर्गात मला बसवत नव्हतं. आता मी अकोल्यातच, जठारपेठेत, श्याममामाच्या हार-फुलांच्या दुकानात बसतो. हो, तुझ्या घराजवळच. तुला माहीत नसणार. तू स्कूटीवरून जातेस, तोंडाला स्कार्फ, नजर सरळ. मी नुसत्या डोळ्यांवरून ओळखतो तुला. रोज ठरवतो, आज हाक मारायची. कोणाच्याही अंगावर धावून जाणारा मी, माझ्या तोंडून तेवढं नाव निघत नाही.

सोमवारी तुझी आई दुकानात आली. फोटोत पाहिलेली, लगेच ओळखली. "बापू, गुलाबाचे दोन हार पायजेत, चांगले भरगच्च. रविवारी पोरीचा साखरपुडा आहे." मामानं पाहुणे कुठले म्हणून विचारलं, तर काकू खुलल्याच. "पोराले पुण्यात नोकरी आहे. दिवाळीतच पाहून गेले. आमी म्हटलं, बाई, विचार कर, घाई नोको करू. तर पोरगीच म्हणते, आई, मले पसंत आहे, आजच कळवून टाक. तवाच पेढे वाटले आमी!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुहा हात काहून थांबला रे? गुलाब महागले का?" मामा म्हणाला, "तो तसाच आहे ताई. कॉलेज अर्धं शिकला, आता हार बी अर्धेच करते." दोघं हसले. मीही हसलो.

दिवाळीत, गीतांजली! आणि दिवाळी झाल्यावर तू माझ्यासोबत परतवाड्याच्या बसमध्ये बसलीस, आमच्या मळ्यात शेवंती पाहायला आलीस. मायनं स्वतःच्या हातानं वेणी करून तुझ्या केसांत माळली आणि तू वाकून तिच्या पाया पडलीस. तेव्हा तुमच्या घरचे पेढे खाऊनही झाले होते. परतताना तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस, ते काय होतं? माय अजून विचारते, "ते पोरगी कवा येते रे?" काय सांगू तिला?

तर मलाही साक्षात्कार झाला, भर दुपारी, गिऱ्हाइकासमोर. उजेड-बिजेड काही पडत नाही, सर खोटं शिकवतात. मी "शनिवारी ताजेच देतो काकू" म्हणालो आणि त्यांच्या पिशवीत वरून मोगरा टाकला. एवढंच कळलं, की अचानक काहीच झालं नव्हतं. सगळा हिवाळा तुला ठाऊक होतं, आणि मी लग्नानंतर राहायच्या खोलीचं भाडं विचारत अमरावतीभर फिरून राहिलो होतो.

आता हे काहून लिहितोय ते सांगतो. तुझे हार मीच करणार आहे. माझं तोंड पाहून मामा म्हणाला, दुसऱ्याकडून करून घेऊ, तर त्याच्याशीही भांडलो. शनिवारी संध्याकाळी ते न्यायचं ठरलंय. मी कार्यक्रमात येणार नाही, तमाशा करणार नाही, मायची शपथ. तुझ्या आईला ओळखही देणार नाही. मला फक्त एक समजू दे. दिवाळीतला तो होकार तुझा स्वतःचा असेल, तर हार न्यायला तुझ्या भावाला, कुंदनला पाठव. मी गुमान बांधून देईन आणि परतवाड्याची बस धरीन. पण घरच्यांनी तो तुझ्याकडून वदवून घेतला असेल, काकूंनी मामासमोर नुसती बढाई मारली असेल, तर तू ये. काही बोलू नको, नुसती ये. कोण येणार हे मला आताच दिसून राहिलं आहे, एवढा बावळट मी नाही. तरी पाकीट चिकटवतोय.

शनिवारपर्यंत तुझाच,
अंकुर