दोन पुरचुंड्या

श्री व्यंकटेश प्रसन्न

मी, त्रिपुरसुंदरी, कै. अप्पाराव यांची पत्नी, वय अडुसष्ट, शिक्षण मॅट्रिक, काम घरचे, राहणार मेलकावेरी, कुंभकोणम्, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. मधुमेह आहे, पण तो पायांत आहे. कोणी दाब घातलेला नाही. मात्र महिन्यापूर्वी मला जबर धक्का बसला आणि तो अजून उतरलेला नाही, हेही लिहिले पाहिजे. वकील जानकीराम म्हणाले, असे लिहू नका मामी, कोर्टात शंका घेतात. मी म्हटले, धक्का बसला नव्हता तेव्हा केलेले मृत्युपत्र तुमच्याच कपाटात आहे, आणि तेच चुकीचे आहे. ते २०२० सालचे मृत्युपत्र या लेखाने रद्द.

आम्ही तंजावरकडची मराठी माणसे, दाराबाहेर सगळे तमिळ बोलतो. पण ज्या गोष्टीसाठी हे लिहीत आहे ती मी घरात, मराठीत बोलले होते. म्हणून हेही मराठीत. तमिळ तर्जुमा वकिलांनी जोडावा.

कलम १. बँकेतील ठेव माझा मुलगा श्रीवत्स, राहणार कोइमतूर, याला. त्यातून माझे दिवस साधेपणाने करावेत. जेवणाला केटरर बोलावू नये, ते भात उरवतात.

कलम २. देवघरातील चांदीची भांडी, समया आणि व्यंकटेशाची तसबीर श्रीवत्सच्या बायकोला, कीर्तीला. तिने शुक्रवार पाळावा. नाही पाळला तर निदान समया घासाव्यात.

कलम ३. दगडी ग्राइंडर कामाक्षीआत्यांच्या सुनेला. तिने दोनदा मागितला होता, दोनदा मी नाही म्हटले.

कलम ४. आता घर. २०२० च्या मृत्युपत्रात मी ते सबंध श्रीवत्सला लिहिले होते. सबंध घर माझ्या नावावर कसे आले ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

घर माझ्या सासऱ्यांचे. त्यांना दोन मुलगे, माझे यजमान आणि धाकटे चंद्रमौली. राजेश्वरी ही चंद्रमौलींची बायको, माझी जाऊ. २००४ च्या मे महिन्यात श्रीवत्सची मुंज याच घरात झाली. त्या सकाळी स्नानाआधी मी माझ्या आईच्या हिऱ्याच्या कुड्या कानांतून काढल्या आणि रोजच्याप्रमाणे चांदीच्या करंड्यात ठेवल्या, असे मला पक्के आठवत होते. शपथेवर सांगितले असते. संध्याकाळी करंडा रिकामा. दिवसभर देवघरात नैवेद्याच्या निमित्ताने एकटी राजेश्वरीच होती. चाळीस माणसांदेखत मी म्हटले, "देवघरात एकटी तूच होतीस." तिला तिची पत्र्याची पेटी दिवाणखान्यात आणून उघडायला लावली. आत लुगडी, पोथी आणि तिच्या मेलेल्या मुलीचे झबले निघाले. कुड्या नाहीत. तरी मी म्हटले, माहेरी पोचवल्या असतील.

त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला चंद्रमौलींनी घरातला आपला हिस्सा सोडल्याचे कागद करून दिले आणि दोघे चोळपुरमला भाड्याच्या घरात गेले. २०११ साली ते तिथेच वारले. मी गेले नाही. यजमान जाऊन आले. २०१९ साली यजमान गेले आणि सबंध घर माझ्या नावावर आले.

कलम ५. या वर्षी यजमानांचे श्राद्ध झाल्यावर श्रीवत्स फोनवर म्हणाला, बाबांच्या कॅसेटना बुरशी लागेल, डिस्क करून घे. यजमानांना मस्कतहून आणलेल्या व्हिडिओ कॅमेऱ्याचे वेड होते. छोट्या कॅसेट अकरा निघाल्या. त्या मी आमच्याच रस्त्यावरच्या शिवकामीच्या स्टुडिओत नेल्या. ती म्हणाली, मामी, एकेका कॅसेटवर चार-पाच तुकडे आहेत, मागचे पुढे झालेत. कोपऱ्यातली तारीख-वेळ बघून लावते, मग डिस्कला चालेल असे बदलून, जोडून तिच्यावर घालते. पाय दिसतात, जमीन दिसते, असे फुकट तुकडे काढून टाकू का? मी म्हटले, पैसे सगळ्यांचे घेणार ना, मग सगळे घाल.

एका कॅसेटवर यजमानांच्या अक्षरात "लावू नये" असे लिहून खाली तारीख होती. मला वाटले, फीत खराब असेल, यंत्रात अडकेल. शिवकामीने लावून पाहिली. म्हणाली, हिला काही झालेले नाही.

पहिली डिस्क आमच्या प्लेयरमध्ये चाललीच नाही. तिने नुसत्या फायली भरल्या होत्या, त्या कॉम्प्युटरला कळतात, टीव्हीखालच्या जुन्या पेटीला नाही. दुसरीत ओठ पुढे आणि आवाज मागे. तिसरी चांगली निघाली. जेवण आटोपून, पान लावून मी ती बघायला बसले.

मुंजीची सकाळ, सहा वाजून दहा मिनिटे. मी देवघरात, केस मोकळे. यजमान मागून कॅमेरा धरून. मी त्यांना म्हणते, बंद करा, अजून अंघोळ झालेली नाही. आणि म्हणता म्हणता कानांतल्या कुड्या काढते, करंड्याकडे बघते, करंडा मांडवात नेलेला, जागेवर नाही. मग देवापुढचे हळदीत बुडवलेले फडके घेते, कुड्या त्यात ठेवते, गाठ मारते आणि ती पुरचुंडी तसबिरीखाली ठेवते. तिथे तशीच दुसरी पुरचुंडी आधीपासून आहे, मुंज निर्विघ्न व्हावी म्हणून नवसाचे नाणे बांधलेली.

पान तोंडातच राहिले.

पुढचा तुकडा दुसऱ्या दिवशी सकाळचा, तिरुनागेश्वरच्या देवळाचा. नवस फेडायला आम्ही बटूला घेऊन गेलो होतो. यजमानांनी बाहेरच्या मंडपातून चित्र घेतले आहे. हुंडीपाशी, म्हणजे देवाच्या दानपेटीपाशी, मी उभी. नवस एकच होता. माझ्या हातात पुरचुंड्या दोन. दोन्ही मी कपाळाला लावते आणि दोन्ही आत सोडते.

म्हणजे आदल्या संध्याकाळी राजेश्वरीची पेटी उघडली तेव्हा कुड्या माझ्याच देवापुढे होत्या. ते दोन तुकडे मी सात वेळा पाहिले. हे तुकडे वेगवेगळ्या कॅसेटवर होते. एकापुढे एक लागल्यावर काही म्हणायला जागा राहिली नाही. हुंडीत पडले ते देवाचे. कुड्या मी मागितलेल्या नाहीत, कोणी मागू नयेत.

कलम ६. "लावू नये" ही चिठ्ठी देवळाच्या कॅसेटवरची. तिच्यावरची तारीख ३ ऑगस्ट २००४. चित्र घेताना त्यांच्या लक्षात आले नसेल, ही तारीख ते लावून पाहिल्याची. भावाने हिस्सा सोडला तो १९ नोव्हेंबरला. माझ्या यजमानांना साडेतीन महिने आधी माहीत होते. माझी फजिती नको म्हणून त्यांनी सख्ख्या भावाला सही करू दिली, आणि नंतर पंधरा वर्षे माझ्या हातचे जेवून मला सांगितले नाही. नवऱ्यावर रागावण्याची मला सवय नाही, पण लिहून ठेवते की मला त्यांचा फार राग आला आहे. श्राद्ध मात्र चुकवू नये.

कलम ७. श्रीवत्सला फोन केला. तो म्हणाला, "अम्मा, तेवढे कापून टाकायला सांग. उरलेले जोडता येते." त्याने आईबापांवरच्या प्रेमाने म्हटले, म्हणून त्याला दोष देत नाही. पण कोणीही तो भाग काढून नवी डिस्क करू नये. श्रीवत्सने केल्यास कलम १ ची ठेव राजेश्वरीला जावी.

कलम ८. घराची उत्तरेकडची अर्धी बाजू राजेश्वरीला. हे बक्षीस नाही. तिच्या नवऱ्याचे होते, ते परत. दक्षिणेकडची बाजू श्रीवत्सला. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक वकील जानकीराम.

एवढे लिहून, वहीत घालून, मी बसने चोळपुरमला गेले. राजेश्वरीने मला ओळखून आत घेतले, पेलाभर कापी दिली, आणि मी वाचत असता उभीच राहिली. शेवटी म्हणाली, "घर तुम्ही मेल्यावर द्याल, अक्का. पेटी माझी जिवंतपणी उघडली होती."

कागद वहीत घालून मी परत आले. म्हणून पुढचे, आजचे.

पुरवणी. त्या संध्याकाळच्या चाळीस माणसांपैकी जे हयात आहेत आणि चालू शकतात असे चौदा जण आज सकाळी माझ्या दिवाणखान्यात आले. कशाला बोलावले ते सांगितले नव्हते. कामाक्षीआत्या, माझ्या यजमानांच्या आत्या, वय नव्वद, विचारत होत्या, कुणाचं बारसं आहे गे? श्रीवत्स कोइमतूरहून रात्रीच्या गाडीने आला. राजेश्वरी दाराशी बसली, बोलावूनही पुढे आली नाही.

मी डिस्क लावली. दोन्ही तुकडे झाले की थांबवली, आणि उभी राहून म्हटले, "मी चुकले. हिने काही घेतले नव्हते. मीच घालवले आणि हिच्यावर घातले." एवढेच बोलता आले. श्रीवत्स भिंतीकडे बघत होता. मग कामाक्षीआत्या म्हणाल्या, "आम्हीही पेटीत डोकावून बघितलं होतं. आमचंही लिही." म्हणून लिहिले.

राजेश्वरीने विचारले, त्या दिवशीचे हे कुठे दिसतात का? होते. मांडवात, पाण्याची घागर खांद्यावर, कॅमेऱ्याकडे बघून हसणारे चंद्रमौली. मोजून नऊ सेकंद. तिच्याकडे त्यांचे हलते चित्र एकही नव्हते. मी लावत राहिले, ती बघत राहिली. किती वेळा ते मोजले नाही.

जाताना सगळ्यांसमोर मी पाया पडायला वाकले तर तिने पाय मागे घेतले. म्हणाली, "घर घेईन. ते त्यांचं आहे. माफीचं मला विचार करून सांगावं लागेल."

म्हणून : उत्तरेकडची बाजू भाड्याने दिलेली आहे, तिचे भाडे आजपासून राजेश्वरीचे, त्या बाजूचे कागद आजच तिच्या हाती दिले, आणि माझ्या हयातीतच ती बाजू तिच्या नावे नोंदवण्याचे वकिलांना सांगितले आहे. तसे झाले तर कलम ८ वेगळे लागणार नाही. डिस्कची एक प्रत तिला, एक श्रीवत्सला. माफी मिळाली तर तारखेसह येथे खाली लिहीन. जागा सोडली आहे. मी गेले तेव्हा ती जागा कोरी असेल तर कोणी माझ्या वतीने राजेश्वरीला विचारायला जाऊ नये. तिला ती न देण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क मी या लेखाने तिच्याकडेच ठेवते.

…………………………………………

वर लिहिलेले मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले, आणि दोघींसमक्ष सही केली.

सही : त्रिपुरसुंदरी

साक्षीदार :
१. कामाक्षी, मेलकावेरी. डाव्या अंगठ्याचा ठसा. तेव्हाही हजर होते, आजही.
२. शिवकामी, व्हिडिओ स्टुडिओ, मेलकावेरी. मराठी येत नाही. मजकूर तमिळमधून समजावून सांगितला, मग सही केली.

ठिकाण : कुंभकोणम्
तारीख : १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार