ठोका पडेपर्यंत क्लच सोडू नये

प्रिय मेव्हणेबुवा यांना भाऊजींचे सप्रेम आणि (नीट वाचा) आदरपूर्वक नमस्कार.

आदर बघून घाबरू नका, घरी सगळे ठणठणीत आहेत. तीस वर्षं तुम्हाला 'अरे सावकाश' अशी हाक मारली, पण ज्याच्या बँडचा सहा सीडींचा बॉक्स सेट निघतो त्याला अरे-तुरे करणं बरं दिसत नाही, असं तुमच्या बहिणीचं म्हणणं. (चार ओळी निभावतो. नाही जमलं तर मुकाट्याने 'तू'वर येईन.) तुमचं मनगट दुखायचं थांबलं का? माझ्या बाजूचा ब्रेक दाबून दाबून माझा गुडघा कुरकुरतो, पण अठ्ठावीस वर्षं लोकांना गाडी शिकवली की एवढं चालायचंच.

तर तू पाठवलेलं पार्सल मिळालं. (आलोच बघ.) काळा खोका, विटेएवढा जड. आत सहा सीड्या आणि ऐंशी पानांची पुस्तिका. मुखपृष्ठावर तुम्ही तिघं, ती गाणारी, तो गिटारवाला आणि ड्रम बडवणारा तू, तीन दिशांना तोंडं करून उभे, जणू तिघांना तीन वेगळ्या बस पकडायच्या आहेत आणि एकीचाही पत्ता नाही. आत कोणा जाणकाराने लिहिलंय की या मुद्दाम संथ ठेवलेल्या संगीताला स्लोकोअर म्हणतात आणि नव्वदच्या दशकात तुमचा बँड काळाच्या पुढे होता. (काळाच्या पुढे सोड, तुला मी कधी जेवणाच्या वेळेवर आलेलं पाहिलं नाही.) सोबत तुझी चिठ्ठी होती: 'भाऊजी, ऐकलं नाहीत तरी चालेल, दाराला अडसर म्हणून ठेवा.' ती वाचून मला हसू आलं, आणि मग यायचं थांबलं. तुझ्या दोन ठोक्यांच्या मधे माणूस चहा पिऊन कप विसळून येऊ शकतो, असं मी तेव्हा चारचौघांत म्हणायचो. तू समोर असतानाही म्हणायचो. हे तू विसरला असशील असं मी इतकी वर्षं सोयीने धरून चाललो होतो.

घरातला सीडी प्लेअर केव्हाच निजधामाला गेला. चालू असलेला एकच उरलाय, तो माझ्या शिकवणीच्या गाडीत. पहिली सीडी तिथे घातली आणि मंगळवारी सकाळी बाईंना आणायला गेलो. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, वय एकाहत्तर, गाडीच्या परीक्षेत पाच वेळा नापास. जन्मभर दुसऱ्यांना नापास केलं त्याचं हे उट्टं निघतंय, असं त्या स्वतःच म्हणतात. (चौथीत मलाही त्याच होत्या. बाकीच्या शिकाऊ मंडळींवर मी कसा खेकसतो ते तुला ठाऊक आहे, पण ज्या बाईंनी आपल्याला बाकावर उभं केलं त्यांच्यावर ओरडायला जीभ उचलत नाही. तो सगळा आवाज पोटात साठून राहतो.) त्यांचं दुखणं एकच, क्लच. तो हळूहळू सोडायचा असतो. बाई पायावर झुरळ चढल्यासारखा पाय झटकायच्या आणि गाडी तीन उड्या मारून मान टाकायची.

त्या दिवशी किल्ली फिरवली आणि तुझा पहिला ठोका पडला. मग काहीच नाही. मला वाटलं सीडी अडकली. बंद करायला हात पुढे केला तोच गिटारचा एक सूर आला, थांबला, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा परत गेला.

"राहू दे रे," बाई म्हणाल्या. "यांना कसली घाई दिसत नाही."

दुसरा ठोका पडला, आणि त्यासरशी बाईंचा पाय क्लचवरून असा अलगद उठला, जसा झोपलेल्या बाळाखालून हात काढून घ्यावा. गाडी निघाली. उडी नाही, आचका नाही. मी सवयीने डॅशबोर्ड घट्ट धरून बसलो होतो, तो सोडायचं भानच राहिलं नाही.

तेव्हापासून आमचा नियम ठरला, ठोका पडेपर्यंत क्लच सोडू नये. आता नियम म्हटला की बाई तो पाळणारच. बाजारातल्या चौकात सिग्नल हिरवा झाला आणि बाई ढिम्म. मी म्हटलं, बाई, हिरवा. तर म्हणाल्या, "ठोका कुठे पडलाय?" मागे दहा-अकरा गाड्यांनी भोंग्यांचा गदारोळ उठवला. बाईंनी काच खाली केली, मान वळवली आणि नुसतं बघितलं. भोंगे बंद! एका ट्रकवाल्याने तर बाहेर काढलेली मान आत घेतली. तुझा ठोका पडला तेव्हा सिग्नल पुन्हा लाल झाला होता.

खरं सांगतो, दोन आठवडे हे ऐकता ऐकता मलाही काहीतरी झालं. पहिल्या सीडीला जांभया दिल्या, दुसरीला खिडकीबाहेर बघत बसलो, तिसरीला घर आलं तरी गाडीतून उतरलो नाही. तुझी बहीण शेवटी बोलवायला आली आणि तीच शेजारच्या सीटवर बसली. दोन ठोक्यांच्या मधे तू काय करतोस ते मला पंचावन्नाव्या वर्षी ऐकू आलं. त्या जागेत तू त्या गाणारीला श्वास घेऊ देतोस. ती पुढचा शब्द उच्चारते तेव्हा तो शब्द आजच जन्मला असं वाटतं.

पाचवी सीडी सरावाची, आमच्याच गॅरेजमध्ये टेपवर घेतलेली. ती लावून मी बाईंना रिव्हर्स शिकवत होतो. गाडी मुंगीच्या पावलांनी मागे चालली होती, गाणं त्याहून हळू, आणि अचानक स्पीकरमधून एक माणूस गरजला, "अरे, संपलं की नाही तुमचं? मला गाडी काढायचीय!" बाईंनी ब्रेकवर उभं राहिल्यासारखा पाय मारला. "एवढं ओरडायला काय झालं? आरशातच बघतेय मी!"

मी म्हटलं, "बाई, हा मी नव्हे." मग म्हटलं, "म्हणजे मीच."

आम्ही गाडी कडेला लावून पुढचं ऐकलं. माझ्या गर्जनेनंतर तुझा पंचविशीतला कोवळा आवाज, "दोनच मिनिटं, भाऊजी," मग ती गाणारी खुदकन हसते, आणि त्यानंतर गाणं अकरा मिनिटं चालतं. (तुझी दोन मिनिटं!) बाईंनी विचारलं, कुठे जायचं होतं रे तुला एवढ्या घाईने? मी आरसा पुसायला लागलो. कुठेच जायचं नव्हतं रे. दाराच्या आत तुम्ही तिघं इतके मजेत होतात आणि मी बाहेर हातात किल्ली घेऊन उभा होतो, एवढंच. पण तुम्ही ती आरोळी कापून टाकली नाहीत, उलट पुस्तिकेत पान एक्केचाळीसवर छापलंत: 'दारावर, भाऊजी.' ते पान मी आजवर नऊ जणांना दाखवलं आहे, त्यात पोस्टमन दोनदा.

परीक्षेच्या दिवशी गाडीत संगीत लावायला बंदी. मी फाटकाशी नखं खात उभा. बाईंनी सीटबेल्ट लावला, डोळे मिटले, स्टिअरिंगवर एक बोट टेकवलं आणि थांबल्या. परीक्षकांनी विचारलं म्हणे, "कशाची वाट बघताय?" त्या म्हणाल्या, "येईलच आता." बोट आपटलं आणि गाडी निघाली. वीस मिनिटांनी परत आली ती अशी, की बंद कधी केली तेही कळलं नाही. पास! परीक्षकांनी शेरा लिहिला, 'वाहन चालवण्याची पद्धत अत्यंत संयमी.' बाईंनी भर फाटकात माझा कान धरला आणि म्हणाल्या, "शाब्बास." मग आम्ही काचा खाली करून गावभर तुझं ते सगळ्यात लांब गाणं वाजवत फिरलो. लोकांना वाटलं गाडी बिघडलीय, दोघं ढकलायलाही आले. मी असा कधी हसलो नव्हतो.

थोडक्यात काय, तुझ्या संगीताने माझा स्वभाव पार बदलला. आता मी कोणावरही ओरडत नाही. थोरांना नमस्कार सांग, मनगट शेकत जा, आणि दाराला अडसर म्हणून दुसरं काहीतरी पाठव.

तुझा,
(दारावर) भाऊजी

ता. क. बाईंचं बघून तुझ्या बहिणीनेही गाडी शिकायचं मनावर घेतलं आहे. परवा पहिला धडा झाला. तुझी चौथी सीडी लावूनही दुसऱ्याच वळणावर माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते सहाव्या सीडीलाही पुरून उरलं असतं. दोन दिवस घरात अबोला होता. तेव्हा रजा काढून ये आणि तूच तिला शिकव. मी मागच्या सीटवर बसेन. तोंड उघडणार नाही.

ता. क. (हे अक्षर माझं, ताईचं.) पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं, म्हणून वाचलं. अबोला दोन दिवस नव्हता रे, जेमतेम दोन तास होता. ह्यांना तो दोन दिवसांचा वाटला, हे वाचून मला फार बरं वाटलं, म्हणून खोडत नाही. तू मात्र येच.