घुबड्याचं भाषण आणि माझी इस्टेट

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, लोकांची पोलादी आत्या, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे.

आधी कारण नोंदवते. दादा, वहिनी आणि मी, असं आमचं शहर राखणारं पथक. दादाच्या बोटांतून वीज निघते, वहिनी दिसेनाशी होते, मी ओझी उचलते. घुबड्या, गारठा आणि आम्लवाला हे आमचे जुने शत्रू. एरवी एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नाहीत. काल तिघांनी संगनमत करून आम्हाला बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावावर गाठलं. घुबड्या उडी मारायच्या फळीवर चढून भाषण करू लागला. शत्रूचं बोलणं पुरं होईपर्यंत हात उगारायचा नाही, हा दादाचा नियम! मी दारातून ओरडले, "दादा, याला कधी दोन वाक्यं धड जमली नाहीत, आज एवढं चऱ्हाट कशाला लावलंय?"

दादा म्हणाला, "अगं, बोलू दे त्याला. सभ्यता म्हणून काही आहे की नाही?"

गुडघाभर पाण्यात हाताची घडी घालून ऐकत उभे राहिले नवराबायको! गारठ्याने मागून पाणी गोठवलं. पाय बर्फात रुतल्यावर वहिनीने अदृश्य होऊन काय उपयोग? आणि ओल्यात दादाने वीज सोडली असती तर झटका वहिनीलाच बसला असता. आम्लवाल्याने भिंत विरघळवून माझ्यावर पाडली. ती बाजूला सारेपर्यंत तिघे त्या दोघांना घेऊन पसार झाले होते. उद्या पहाटे मी एकटीने तलावावर शरण यायचं, नाहीतर दोघांना ठार मारू, असा निरोप आहे. मी जाणार आहे.

एक. हे दोन खोल्यांचं घर माझ्या पुतणीला, म्हणजे दादाच्या मुलीला. ती दातांची डॉक्टर आहे, तिने तेच करावं. "आत्या, मीही येते," असं तिचं सकाळपासून चाललं आहे. नाही म्हणजे नाही.

दोन. बँकेतली शिल्लक तलावाची भिंत बांधायला. पाडली आम्लवाल्याने, पण लोक नाव माझंच घेणार.

तीन. हातमोजे आणि कमरेचा पट्टा आमचे पोशाख शिवणाऱ्या शिंपीमामांना. उसवून हवे तिथे वापरावेत. कुणी काचेच्या कपाटात ठेवले तर याद राखा.

चार. माझ्या शोकसभेत नगराध्यक्षांनी बोलू नये. सत्काराला बोलावून त्यांनी आम्हाला उन्हात ताटकळत ठेवलं आणि स्वतःच्याच कामांचा पाढा वाचला. वहिनी कंटाळून अदृश्य झाली. तिचा पुष्पगुच्छ मी शेवटपर्यंत धरून बसले.

पाच. पथकाचा नियम बदलायला हजर सदस्यांचं बहुमत लागतं. आजच्या बैठकीला हजर सदस्य मी एकटी. शत्रूचं भाषण ऐकून घेण्याचा नियम रद्द. ठराव एकमताने मंजूर. दादा, सुटून आलास की माझ्यावर हवं तेवढं चिड. पण ये. एकुलता एक भाऊ आहेस रे माझा.

उद्या घुबड्या फळीवर चढेल आणि घसा खाकरेल. तेवढंच त्याला करू देणार आहे.

साक्षीदार: शिंपीमामा, चष्मा लावून सगळं वाचून.
साक्षीदार: वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई, डोळे पुसून.
ठिकाण: आमचं स्वयंपाकघर.
तारीख: त्या भाषणाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी.
सही: पोलादी आत्या. (पहिलं पेन हातात मोडलं. दुसऱ्याने पुरी केली.)