शाईतली ओळ

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

माझे गाणे चोरले! ‘भरतीची नवरी’ — ज्याने मला गायिका आणि गीतकार म्हणून नाव मिळवून दिले, ज्याच्या अस्सल आगरी बोलीची समीक्षकांनी तोंड भरून स्तुती केली. गव्हाणच्या कीर्ती नावाच्या मुलीने ते हळदीच्या मांडवात गाऊन यूट्यूबवर टाकले आहे. खाली एकच शब्द : पारंपरिक. दोन लाख लोकांनी पाहिले! आवाज खणखणीत आहे, हे मान्य करते. परंतु ‘ओल्या पाऊलखुणेत चंद्र साचला’ ही शेवटची ओळ सरळ गाळली. तीच तर गाण्याचा प्राण!

११ नोव्हेंबर

कीर्तीचा नंबर मिळवून तिला रीतसर समज दिली. म्हणते, तिची आजी लग्नात धवले गाणारी होती, गाणे आजीचेच. शेवटची ओळ का गाळली, असे विचारले.

“ती आजी गायची नाय, बाई. नि खरं सांगू? जिभेवर बसत नाय.”

जिभेवर बसत नाय! एकतीस वर्षे महाविद्यालयात संगीत शिकवले मी. आजीने माझ्या कॅसेटवरून उचलले असणार, हे उघड आहे.

१३ नोव्हेंबर

यूट्यूबकडे तक्रार पाठवली. पुरावा म्हणून १९८३ची वही हवी. ती विचुंब्याला धाकट्या भावाकडे, योसेफकडे, ट्रंकेत आहे. गाणी गोळा करीत गावोगाव फिरताना माझी शिस्त ठरलेली : ऐकलेले पेन्सिलीने, स्वतःचे शाईने. हल्लीच्या संशोधकांना एवढेही जमत नाही.

योसेफ म्हणाला, “मिरियमताई, हळदीत आता पोलीस नाचवणार का?”

विनोद त्याला कधीच साधला नाही.

दिवसभर बसवत नाही. तानपुरा दोनदा लावला, दोनदा ठेवला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शब्बाथचे दिवे लावायची वेळ होत आली. उद्या विश्रांतीचा वार, लेखन नाही. म्हणून घाईने —

चित्रफीत उतरली. कीर्तीचाच फोन आला. वाटले होते, भांडेल. भांडली नाही.

“काढली, बाई. पन मांडवात गाऊ ना? रविवारी मावसबहिणीची हळद हाय.”

मी परवानगी दिली. मात्र शेवटच्या ओळीसह, असे बजावले. तिच्याकडून ती दोनदा म्हणवून घेतली.

१६ नोव्हेंबर, रविवार

योसेफ वही देऊन गेला. वर तारीख, गाव गव्हाण. चारही कडवी पेन्सिलीत. समासात माझ्याच रेखीव अक्षरात : ‘गाणारीचे नाव पुढल्या खेपेस विचारणे.’

शाईत एकच ओळ. शेवटची.

सहा वाजले. कीर्ती फोन उचलत नाही. मांडवात कोण उचलणार? गव्हाणला रिक्षा मिळाली तर निघते. ती ओळ गाऊ नका, एवढेच सांगायचे आहे.