उलटी चाललेली लाट

ती. स्व. काकासाहेब मामांस औरंगाबादहून भाचा रंगनाथाचा साष्टांग नमस्कार. शेजारच्या तात्यासाहेबांच्या लेकीनं, आवडानं, मी काढलेल्या फोटोवर बोट ठेवून "समुद्र रुसून कुठं निघाला?" असं विचारलं, त्या घडीपासून तुमचा भाचा पहिला राहिलेला नाही. मामींचा दमा कसा आहे? रत्नागिरीची खारी हवा मानवत असेलच. (मलाही मानवेल.)

कॉलेज सोडल्याचं बाबांनी कळवलं असेल, कारण कळवलं नसेल. मास्तर म्हणाले, लाटेतलं पाणी पुढं जातच नाही, जागच्या जागी वरखाली होतं. मी म्हटलं, मग मला किनाऱ्यावर उभं करून दाखवा. वर्ग हसला, मी तडक बाहेर. (टोपी तिथंच राहिली.) हल्ली मोहियोद्दीन चाचांच्या फोटो स्टुडिओत असतो. आवडा लहानपणी मुंबईला समुद्रावर गेली होती, पण भिऊन आईच्या पदरात तोंड खुपसून राहिली. तिला लाट बघायचीय म्हटल्यावर मी चाचांचा कॅमेरा उचलला नि गावाबाहेरचा तलाव गाठला. बन्सी गवळ्याची म्हैस काठावरून पाण्यात लोटली. तो बोंबलतोय, "अवो रंगुभाऊ, ढकलू नका, पोटुशी हाय ती!" मी चिखलात आडवा. पण लाट काय उठली, मामा! पहिली प्रत बघून चाचा म्हणाले, "मियां, समंदर तो अच्छा है, मगर उसकू दुम काय कू?" दुसऱ्या प्रतीतली शेपूट मी ब्रशानं खोडली.

आवडानं शेपूट नाही, लाटच पकडली. म्हणाली, "ही काठापासून पळतेय की हो! माझे तर पाय भिजले होते." माझं डोकं फिरलं, फोटो टराटरा फाडला. मग राहवेना, विचारलं, "पाय भिजवून ती परत जाते कुठं?" "ते मी बघितलंच नाय. तुम्ही बघून या, मग आईकडून आपलं तात्यांच्या कानावर घालते." तेव्हापासून घंगाळात हात घालून लाटा काढत बसतो. मास्तर खरे की आवडाचे पाय?

ता. क. तात्यासाहेब तुमचा शब्द मानतात. पोरगा तापट आहे पण वाह्यात नाही, एवढं लिहा. मनापासून लिहा, नाही तर राहू द्या.

ता. क. २ तुम्हीच मला बोलावून घेतलंय, असं मी बाबांना सकाळी सांगून बसलोय. सांभाळून घ्या.

ता. क. ३ टपालाला फार दिवस लागतात, म्हणून हे पत्र घेऊन मीच येतोय. बाबा ओसरीवरून हाका मारताहेत, मनमाडची गाडी गाठायचीय. एवढं परसदारी उभ्यानं लिहितो नि दार बाहेरून ओढून घेतो.